दोन दीर्घिका, मध्ये आपण: त्यांचा एकमेकींपासूनचा वेग नक्की किती?

बोरिवलीचा बाबा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:५०

मंडळी, घरात तीन दिवस वाद पेटलाय, तो मिटवायला इथे आलोय.

चिरंजीव अकरावीला. क्लासमध्ये एक गणित घातलं. एक दीर्घिका आपल्या उजवीकडे, दुसरी बरोब्बर उलट दिशेला. दोघींची ताम्रसृती १, म्हणजे दोघींच्या वर्णपटातली प्रत्येक रेषा दुप्पट तरंगलांबीवर सरकलेली. एकीवर बसलेल्या माणसाला दुसरी किती वेगाने दूर जाताना दिसेल? चिरंजीवांनी एकीचं नाव विरार ठेवलं, दुसरीचं चर्चगेट, आणि आपण मधोमध अंधेरीला.

सरांचं उत्तर असं: सापेक्षतावादाच्या डॉप्लर सूत्रात (वस्तू दूर जाताना लाट किती ताणली जाते ते सांगणारं) ताम्रसृती १ टाकली की वेग येतो प्रकाशवेगाच्या ०.६ पट. मग आइन्स्टाइनचं वेगांच्या बेरजेचं सूत्र लावा, १.२ भागिले १.३६, उत्तर ०.८८. पोराने शंका काढली तर म्हणे परीक्षेत हेच लिही.

पोराने यूट्यूबवर ऐकलंय की लांबच्या दीर्घिका प्रकाशापेक्षाही वेगाने पळतात. मग ०.८८ कसं? आणि आमचे मेहुणे म्हणतात की तसं असेल तर विरारवाल्यांना चर्चगेट कधी दिसणारच नाही. मी पडलो कॉमर्सवाला. जेवताना तिघेही माझ्याकडे बघतात.

फोर्थ सीट | रात्री ११:०५

चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. मधोमध काढलंत तर कांदिवलीच्या आसपास येतं, अंधेरी नव्हे. पाया कच्चा आहे, पुढचं गणित कसं सुटणार?

(वाचतोय. जाणकार येतीलच.)

माहीमचा मुक्काम | रात्री ११:४०

जाणकार नाही, पण डॉप्लरचा एक प्रयोग स्वतः केलाय, तो सांगतो.

माटुंगा रोडला फास्ट गाड्या थांबत नाहीत. मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारं एक फुकट ॲप घेतलं आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा राहिलो. मोटरमन भोंगा वाजवेलच असं नसतं, तीन सकाळी फुकट गेल्या. चौथ्या दिवशी एकाने लांबलचक वाजवला. गाडी येताना आकडा ३९६ हर्ट्झ, निघून गेल्यावर ३५०. आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ३४८ मीटर धरला. दोन आकड्यांतली वजाबाकी ४६, बेरीज ७४६, त्यांचा भागाकार गुणिले ३४८. उत्तर सेकंदाला साडेएकवीस मीटर, म्हणजे ताशी ७७ किलोमीटर. गाडी खरोखर तेवढ्याच वेगात असावी.

गंमत अशी की भोंग्याचा मूळ सूर मला माहीतच नव्हता. येतानाचा आणि जातानाचा असे दोन्ही आकडे मिळाले म्हणून तो आपोआप निघाला, ३७२च्या आसपास. दीर्घिकांच्या बाबतीत ही सोय नाही. त्या कायम जातच असतात, येताना कोणी ऐकलंय? मग मूळ सूर कळतो कसा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

खोडदची पाहुणी | रविवार, सकाळी ७:२०

माहीमकर, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. मूळ सूर अणू सांगतात. हायड्रोजनची एक रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, दुसरी ४८६.१ वर. सगळ्या रेषा एकाच पटीत सरकतात, त्यामुळे त्यांच्यातलं गुणोत्तर, इथे १.३५, जसंच्या तसं राहतं. एकटा सूर ओळखता येत नाही, पण चाल ओळखता येते. गायकाने पट्टी बदलली तरी आपल्याला भूप कळतोच ना?

१९६३ साली मार्टेन श्मिट ३सी २७३ या क्वेसारच्या (ताऱ्यासारखा ठिपका दिसणारं, पण फार दूरचं आणि अतिशय तेजस्वी दीर्घिकेचं केंद्र) वर्णपटासमोर असेच अडले होते. रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याच्या वाटेनात. मग ध्यानात आलं की हा आपला रोजचा हायड्रोजनच आहे, सगळा १.१५८ पट सरकलेला. ४८६ची रेषा ५६३ वर जाऊन बसली होती.

आणि येणाऱ्याही असतात हो! व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेतून देवयानी दीर्घिकेचा वेग मोजला. ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने आपल्याकडे येताना दिसली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आणखी सर्पिलाकार तेजोमेघ मोजले आणि बहुतेक दूर जाताना निघाले. तेव्हा त्या दीर्घिका आहेत हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. श्रेय मात्र हबल यांचंच लोकांच्या लक्षात राहतं.

बाबांच्या मूळ प्रश्नावर दुपारी सविस्तर लिहिते, आत्ता मासळी आणायची आहे.

शिवणकाकू | सकाळी ९:१५

मला सूत्रं कळत नाहीत, पण घरात इलॅस्टिकचं रीळ आहे. अर्धा मीटर कापून त्यावर पेनाने दर पाच सेंटीमीटरला खूण केली, एक ते पाच. एका टोकाला टेबलाच्या कडेवर चिमटा लावला, दुसरं टोक नातवाच्या हातात दिलं आणि मोजपट्टी खाली धरून दीडपट ताणायला सांगितलं.

पहिल्या खुणेवरून बघितलं तर दुसरी अडीच सेंटीमीटर सरकली, तिसरी पाच, चौथी साडेसात, पाचवी दहा. जितकी लांब तितकी जास्त सरकली. मग तिसऱ्या खुणेला शून्य धरून परत मोजलं. तिच्या दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीच, टोकाच्या पाच-पाच. म्हणजे तिसरीला वाटणार मीच मधोमध, आणि पहिलीलाही तसंच वाटणार. नातू म्हणाला, "आजी, मग मध्ये कोण?" मी म्हटलं, "कोणीच नाही, आणि आता सोड हळूच." त्याने सोडलं ते फट्‌कन, माझ्या बोटावर.

चाळीतला न्यूटन | सकाळी ९:५०

काकू, दंडवत! जितकं लांब तितकं जास्त, हाच हबल-लमेत्र नियम. लमेत्र यांनी १९२७ मध्ये मांडला, हबल यांनी १९२९ मध्ये निरीक्षणांनी दाखवला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने दोघांचं नाव जोडायची शिफारस केली. हबल यांचा पहिला आकडा दर मेगापार्सेकला (म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर होता, अंतरं चुकली होती म्हणून. आज तो ६७ की ७३, यावर भांडण चालू आहे. त्यात मी पडत नाही, माझा आजचा रविवार आहे.

एक खुसपट मात्र काढतो: इलॅस्टिकवरच्या पेनाच्या खुणाही रुंदावल्या असतील. दीर्घिका तशा रुंदावत नाहीत. त्या गुरुत्वाने बांधलेल्या, म्हणून खुणेऐवजी टाचणी टोचा.

शिवणकाकू | सकाळी १०:०२

टाचणी आणि नातू एकत्र? तुम्ही या घरी आणि करून दाखवा.

खोडदची पाहुणी | दुपारी ३:३०

हं, आता बाबांचा प्रश्न. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सरांची आकडेमोड बिनचूक आहे, पण ते सूत्र ज्या घरातलं आहे ते घर वेगळं. वेगांची ती बेरीज सपाट अवकाशकालात चालते, जिथे तिघांनाही एकच चौकट लागू पडते. कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या प्रसरणाऱ्या विश्वात अशी एक चौकट अंथरताच येत नाही.

आधी बघा, एकट्या विरारचा वेग किती? ताम्रसृती १. डॉप्लर सूत्र म्हणतं ०.६. आजचं अंतर, सुमारे १,१०० कोटी प्रकाशवर्षं, किती दराने वाढतंय ते विचारलंत तर प्रकाशवेगाच्या ०.७७ पट. प्रकाश तिथून निघाला त्या वेळचा दर विचारलात तर ०.६८. (मी हबल स्थिरांक ६७.७ धरलाय, द्रव्य ३१ टक्के, उरलेली कृष्णऊर्जा. ज्याला दुसरे आकडे आवडतात त्याचं उत्तर थोडं इकडेतिकडे होईल.) मोजमाप एक आणि वेग तीन! वर्णपटमापकाने यातला एकही मोजलेला नाही. त्याने मोजलंय ते फक्त "दुप्पट".

असं का होतं ते संत्र्यावर बघा. एक काडी घ्या, संत्र्याच्या मधल्या रेषेवर, म्हणजे विषुववृत्तावर, देठाकडे तोंड करून ठेवा. तशीच, अजिबात न वळवता, सरळ देठापर्यंत न्या. दुसरी काडी त्याच जागेवरून, देठाकडेच तोंड ठेवून, आधी मधल्या रेषेवरून पाव फेरी सरकवा आणि मग वर देठाशी न्या. दोघी देठाजवळ भेटतील तेव्हा त्यांच्यात काटकोन असेल. न वळवता नेल्या होत्या दोघी! वक्र पृष्ठभागावर दूरच्या दोन दिशांची तुलना कुठल्या वाटेने करता यावर उत्तर ठरतं. दूरच्या दोन निरीक्षकांच्या वेगांचंही तसंच. शेजारी असाल तर सापेक्ष वेगाला एकच अर्थ असतो. हजार कोटी प्रकाशवर्षांवर असाल तर आधी वाट सांगावी लागते.

प्रकाशाची वाट मात्र ठरलेली असते, म्हणून ती घ्यायची. चर्चगेट ते विरार मार्गावर, प्रत्येक स्टेशनच नव्हे तर प्रत्येक सिग्नलपाशी एकेक निरीक्षक उभा करा. शेजारच्या दोघांत वेग अगदी थोडा, त्यामुळे त्यांच्यापुरतं माहीमकरांच्या भोंग्याचंच साधं डॉप्लर. प्रत्येक जण तरंगलांबी किंचित ताणून पुढच्याकडे देतो. हे सगळे छोटे ताण बेरजेने नाही, गुणाकाराने जुळतात. दुसऱ्याचा ताण पहिल्याच्या ताणावर चढतो, मुदत ठेवीच्या चक्रवाढ व्याजासारखा. बाबा, कॉमर्सवाल्याला हे पोरापेक्षा लवकर कळेल! म्हणून ताम्रसृती मिळवायची नसते, ती अधिक एक करून गुणायची असते. सगळे ताण गुणले की तेवढ्या काळात विश्व जितक्या पट वाढलं तो आकडा येतो.

मग उत्तर काय? विरारवाल्याने आज चर्चगेटकडे दुर्बीण लावली तर माझ्या ढोबळ हिशेबाने तरंगलांबी ४.३ पट ताणलेली येईल, म्हणजे ताम्रसृती ३.३. ती वाट अशी: तो प्रकाश चर्चगेटहून फार पूर्वी निघाला. आपल्या अंधेरीवरून तो गेला तेव्हा विश्व आजच्या निम्म्या आकाराचं होतं, सुमारे ७९० कोटी वर्षांपूर्वी. आपला सूर्यच ४६० कोटी वर्षांचा, तेव्हा इथे प्लॅटफॉर्मच बांधलेला नव्हता. त्या क्षणी इथे कोणी असतं तर त्याला ताण २.१५ पट दिसला असता. पुढे विरारपर्यंत आणखी २ पट. गुणा: ४.३.

सरांच्या हिशेबाने दोन गुणिले दोन चार आले असते. चारच्या जवळ आलं म्हणून त्यांनी खूश होऊ नये, तो योगायोग आहे. आपल्याला आज चर्चगेटहून दिसणारा प्रकाश, तो दुप्पट ताणलेला, हा वेगळाच किरण. तो अजून विरारला पोचलेला नाही. पोचेल सुमारे १,९०० कोटी वर्षांनी, आणि तोवर एकूण ताण सहापटीच्या वर गेलेला असेल.

मेहुण्यांना सांगा: आज विरार-चर्चगेट अंतर प्रकाशवेगाच्या दीडपटीने वाढतंय, तरी विरारला चर्चगेट आज दिसतंय, अर्थात जुनं चर्चगेट. कोणी कोणाला प्रकाशाच्या शर्यतीत हरवलेलं नाही. शेजारून जाणाऱ्या किरणाला कुठलीच दीर्घिका मागे टाकत नाही.

शंकासुर | दुपारी ४:१०

हे सगळं प्रसरण गृहीत धरून. प्रकाश इतका लांब येताना थकतो, ऊर्जा गमावतो आणि लाल होतो, असं सरळ का मानू नये? फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९ मध्येच सुचवलं होतं. आणि आपल्या नारळीकर सरांनाही हे महास्फोट प्रकरण मान्य नव्हतं. मोठ्या माणसांनी शंका घेतली की ती घ्यायची आणि आपण घेतली की खुळचट!

खोडदची पाहुणी | दुपारी ४:४५

शंकासुर, शंका खुळचट नाहीच, तिची परीक्षा झालेली आहे. प्रकाश नुसता थकत असेल तर त्याचा रंग बदलेल, पण घड्याळ मंदावणार नाही. १अ प्रकारचा अतिनवतारा (स्फोट होऊन एकदम उजळणारा तारा) उजळून मावळायला ठरावीक दिवस घेतो. ताम्रसृती ०.५ असलेल्या दीर्घिकेतला तसाच तारा मावळायला दीडपट दिवस घेताना दिसतो. लाटांमधलं अंतर ताणलं जातं तसं दोन दिवसांमधलंही ताणलं जातं. हे पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय. थकलेल्या प्रकाशाकडे त्याला उत्तर नाही.

आणि नारळीकर सरांबद्दल हा गैरसमज नेहमी दिसतो. त्यांना महास्फोट मान्य नव्हता, प्रसरण मान्य होतं. ते मांडत त्या स्थिर स्थिती सिद्धांतातही विश्व प्रसरणच पावतं, फक्त रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं, म्हणून एकंदर चित्र तेच राहतं. तिथेही दीर्घिकांची ताम्रसृती प्रसरणातूनच येते. काही क्वेसारांच्या ताम्रसृतीबद्दल हॉल्टन आर्प यांनी घेतलेल्या शंका त्यांनी गांभीर्याने घेतल्या होत्या, तो निराळा विषय. ते १९७२ पासून इथे कुलाब्यालाच टीआयएफआर या संशोधन संस्थेत होते, पुढे पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. पटो न पटो, प्रश्न सोपा करून सांगायची त्यांची हातोटी होती. माझ्या पिढीतले कित्येक जण या वेडात त्यांच्यामुळेच शिरले.

फोर्थ सीट | संध्याकाळी ५:३०

एक बाळबोध प्रश्न. लाल झालेल्या प्रकाशाची ऊर्जा कमी झाली, मग ती गेली कुठे? कोणी खाल्ली?

चाळीतला न्यूटन | संध्याकाळी ५:४८

माहीमकरांच्या भोंग्याची गेली तिथेच. प्लॅटफॉर्मवर आवाज उतरला म्हणून गाडीतल्यांना तो उतरलेला ऐकू आला का? मोजणारा बदलला की ऊर्जेचा आकडा बदलतो. वरच्या साखळीत प्रत्येक पायरीला मोजणारा बदलतोय. शिवाय प्रसरणाऱ्या विश्वाला "एकूण ऊर्जा" असा एकच जमाखर्च मांडता येत नाही. बाबांना याचा फार त्रास होईल.

बोरिवलीचा बाबा | रात्री ८:१०

ताळेबंद जुळत नाही म्हणता आणि झोपा म्हणता?

पाहुणी, तुमचा प्रतिसाद जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचला. मेहुणे "जुनं चर्चगेट दिसतंय" यावर अडून बसलेत, त्यांना ते मान्य नाही कारण आजचं चर्चगेट दिसत नाही असंच त्यांचं म्हणणं होतं म्हणे. चक्रवाढ व्याजाचं लगेच कळलं. पोरगा विचारतोय की ही "आज" कोणाची? विरारचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच का? आणि तुम्ही खोडदला नोकरीला आहात का?

खोडदची पाहुणी | रात्री ९:००

पोराला माझ्यातर्फे एक वडापाव. हाच खरा प्रश्न आहे.

"आज" ठरवायला एक सोय आहे. सगळ्या विश्वात पसरलेलं सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण, म्हणजे विश्व तरुण आणि तापलेलं असतानाचा उरलेला प्रकाश. तापमान २.७२५ केल्व्हिन, आणि त्याचा स्वतःचा ताण सुमारे १,१०० पट. ज्या निरीक्षकाला ते सगळ्या दिशांना सारखं दिसतं तो प्रसरणाबरोबर वाहतोय असं मानायचं आणि त्याचं घड्याळ धरायचं. विरारवाल्यालाही ते २.७२५ दिसलं की त्याची "आज" आणि आपली "आज" एक. ही सोय आहे, निसर्गाची सक्ती नाही. आपण स्वतः पूर्ण वाहत नाही: आपला सूर्य त्या प्रारणाच्या तुलनेत सिंह राशीच्या दिशेने सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जातोय, म्हणून तिकडे ते तीन हजारांश केल्व्हिनने जास्त गरम दिसतं. अंधेरीचा प्लॅटफॉर्मही थोडा सरकतोय म्हणा.

नोकरीला नाही हो. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते, तिथे नेमाने जाते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, खालून बघितलं की तारांच्या जाळीतून आकाश दिसतं. हायड्रोजनचा मूळ रेडिओ सूर १,४२० मेगाहर्ट्झ. २०२३ मध्ये तिथल्या निरीक्षणांतून एका दीर्घिकेचा तोच सूर ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास सापडल्याचं जाहीर झालं, ताम्रसृती १.२९. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगासारखं काम केलं म्हणून तो ऐकू आला. विरारच्या थोडं पुढे, डहाणू म्हणा.

शिवणकाकू | रात्री ९:२५

डहाणूला लोकल जाते आता, लांब नाही वाटत. पुढच्या फेब्रुवारीत मला आणि नातवाला बरोबर न्याल का? डबा मी आणते.

माहीमचा मुक्काम | रात्री ९:४०

माझंही नाव घाला. आणि बाबा, पोराला मंगळवारी सकाळी सव्वासातला माटुंगा रोडला पाठवा, चर्चगेटकडच्या टोकाला. ॲप माझ्याकडे आहे. भोंगा वाजेल याची हमी नाही.